ढिल्या गिअरचा इलाज : जुन्या पोर्शे ९११ च्या मालकांसाठी

जुनी पोर्शे ९११ नव्याने हाती आलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुधा गिअरची असते. न्यूट्रलमध्ये दांडा सैल डुलतो. दुसरा टाकताना हात कुठे थांबवायचा ते कळत नाही. तिसरा टाकायला जावं तर पाचवा पडतो, आणि रिव्हर्स सापडेपर्यंत मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू होतात. मग कुणीतरी जाणकार सांगतो, ‘गिअरबॉक्स गेलाय, उतरवून उघडावा लागेल.’ हा सल्ला लगेच मानू नका. या गाडीत गिअरबॉक्स काढायचा म्हणजे इंजिनासकट खाली घ्यायचा. काम मोठं, खर्च त्याहून मोठा. आणि गिअर ढिला होण्याचं कारण बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या बाहेर, गाडीत बसून हात पोहोचेल अशा जागी असतं. तिथे बदलायचे भाग एका मुठीत मावतात.

असं का होतं ते कळायला गाडीची रचना डोळ्यांसमोर आणावी लागते. ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे आहे. त्याच्या पुढे, मागच्या छोट्या सीटांच्या खालच्या बाजूला, गिअरबॉक्स. दांडा मात्र पुढे, दोन सीटांच्या मधे. या दोघांना जोडणारा एक लांब रॉड टनेलमधून मागे जातो. दांड्याच्या बुडाशी एक गोळा आहे, तो रॉडच्या पुढच्या टोकातल्या प्लास्टिकच्या वाटीत बसतो. रॉडचं मागचं टोक कप्लरला, आणि कप्लर गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या शाफ्टला. दांडा डावी-उजवीकडे हलवला की रॉड स्वतःभोवती फिरतो. पुढे ढकलला की रॉड मागे सरकतो, कारण दांडा मधेच टेकलेला आहे. हाताची प्रत्येक हालचाल एवढ्या सांध्यांतून जाते. प्रत्येक सांध्यात थोडा थोडा खेळ आला, की वाटी, रॉडचा बुश, कप्लर मिळून दांड्याच्या मुठीवर तो भलताच मोठा होऊन येतो.

आपल्याकडे पद्मिनीचा स्टिअरिंगवरचा गिअर ज्यांनी चालवला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथेही गिअरबॉक्स ठणठणीत आणि लिंकेजचे बुश गेलेले, असंच असायचं. पोर्शेचीच पण इंजिन मधे असलेली ९१४ (१९६९ ते १९७६) याबाबतीत जास्त हट्टी, कारण तिचा गिअरबॉक्स इंजिनाच्याही मागे आहे आणि रॉडला इंजिन ओलांडून जावं लागतं. १९७२ पर्यंतच्या ९१४ मध्ये तो गिअरबॉक्सच्या पार शेपटीकडून आत शिरायचा. १९७३ पासून बाजूने आत घेतला आणि गिअर बराच सुधारला. ९१४ वाल्यांनी पुढचं सगळं वाचावं आणि त्यात इंजिनापुढच्या पत्र्यातून रॉड जातो तिथल्या बुशाची भर घालावी.

आधी आपल्या गाडीत कुठला गिअरबॉक्स आहे ते माहीत हवं. १९७१ पर्यंतच्या ९११ मध्ये ९०१ घराण्यातला गिअरबॉक्स येतो. त्याच्या पाच गिअरच्या प्रकारात पहिला गिअर डावीकडे खाली असतो आणि रिव्हर्स त्याच्या वर. रेसमध्ये पहिला फक्त निघताना लागतो, म्हणून दुसरा-तिसरा आणि चौथा-पाचवा सरळ रेषेत ठेवले. १९७२ च्या मॉडेलपासून १९८६ पर्यंत ९१५ आला. त्यात पहिला डावीकडे वर, पाचवा उजवीकडे वर आणि रिव्हर्स त्याच्या खाली. १९८७ पासून गेट्रागने बनवलेला जी-५० आणि त्याच्यासोबत हायड्रॉलिक क्लच. हा लेख मुख्यतः ९१५ ला धरून आहे, कारण ढिल्या गिअरच्या सर्वात जास्त तक्रारी त्याच्याच असतात. ९०१ ला यातलं बहुतेक तसंच्या तसं लागू पडतं.

दुसरी गोष्ट, जड गिअर आणि ढिला गिअर यांत गल्लत करू नका. ९०१ आणि ९१५ या दोन्हींत पोर्शेचे स्वतःचे, फाटलेल्या कड्यासारखे सिंक्रो आहेत. ते हाताला थोडा वेळ मागतात. सकाळी थंड गाडीत पहिले काही किलोमीटर दुसरा गिअर कुरकुरतच पडतो, तो त्याचा स्वभाव आहे. आजच्या नव्या गाडीसारखा तो कधीच पडणार नाही. पण गिअर कुठे आहे हेच कळत नसेल, न्यूट्रलमध्ये दांडा आजूबाजूला भटकत असेल, तर तो स्वभाव नव्हे, झीज आहे, आणि ती दुरुस्त होते.

कामाला लागायच्या आधी क्लच तपासा. क्लच पूर्ण सुटत नसेल तर कितीही बुश बदला, गिअर खरखरतच राहील. इंजिन गरम असताना न्यूट्रलमध्ये क्लच तळापर्यंत दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे तो खोटं बोलत नाही. शांतपणे पडला तर क्लच ठीक. खरखर झाली तर क्लच ओढतोय. तेव्हा केबलचं सेटिंग, केबलची अवस्था आणि पेडलच्या जोडणीतले बुश पाहा. ते बुशही प्लास्टिकचे असतात आणि झिजले की पायाचा अर्धा दाब तिथेच वाया जातो. १९७६ पर्यंतच्या गाड्यांत पेडलला २० ते २५ मिलिमीटर मोकळा खेळ ठेवतात. त्यानंतरच्या गाड्यांत मदतीची स्प्रिंग आली आणि तो खेळ पेडलवर न मोजता गिअरबॉक्सकडच्या टोकाला मोजायचा असतो. म्हणून जुन्या गाडीचा आकडा नव्या गाडीला लावू नका.

क्लच चांगला निघाला की खरा शोध सुरू होतो. त्याला दुसरा माणूस लागतो. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना पुढून-मागून ओट लावलेले. ओट लावल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. कप्लर सुटला की गिअरमध्ये ठेवून गाडी धरून ठेवायची सोय उरत नाही. मागच्या दोन सीटांच्या मधे, टनेलच्या शेवटी, कार्पेटखाली एक झाकण आहे. ते स्क्रू काढून उघडलं की कप्लर दिसतो. आता एकाने पुढे बसून दांडा हळूहळू डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे हलवायचा, दुसऱ्याने टॉर्च घेऊन मागे बघायचं. दांडा हलतोय पण रॉड थांबलेला, तर दोष पुढे, वाटीत किंवा दांड्याच्या बैठकीत. रॉड हलतोय पण कप्लरची गिअरबॉक्सकडची बाजू उशिराने हलते, तर कप्लरचे बुश गेले. दोन्ही एकदम हलतात, कुठेही उशीर नाही आणि तरी गिअर चुकतो, तर सेटिंग बिघडलंय किंवा दोष आत आहे. या दहा मिनिटांच्या तपासणीने पुढचा सगळा खर्च ठरतो. गॅरेजमध्ये गाडी द्यायची असली तरी ही तपासणी स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

बहुतेक गाड्यांत कप्लरच दोषी निघतो. तो काढण्याआधी रॉडवर जिथे क्लॅम्प आवळलेला असतो तिथे रॉड आणि कप्लर दोघांवरून जाणारी एक बारीक रेघ रंगाने ओढा. लांबी आणि फिरवण, दोन्ही त्या रेघेत पकडली जातात आणि नंतर सेटिंग करताना निदान मूळ जागा हाती राहते. मग क्लॅम्प सैल करा. गिअरबॉक्सच्या शाफ्टवर कप्लरला धरून ठेवणारा एक स्क्रू आहे, त्याचं टोक निमुळतं आहे आणि ते शाफ्टमधल्या खळगीत बसतं. काही गाड्यांत त्याला तारेने बांधलेलं असतं. तो काढला, आणि पुढे दांडा मागे ओढला, की रॉड पुढे सरकतो आणि कप्लर मोकळा होतो.

हातात आल्यावर कप्लर नीट पाहा. दोन भाग, मधे एक पिन, आणि पिनच्या दोन्ही बाजूंना एकेक प्लास्टिकचा बुश. चाळीस-पन्नास वर्षं जुना बुश पुष्कळदा बुश म्हणून उरलेलाच नसतो. इंजिनाची उष्णता आणि तेलाची वाफ खाऊन तो तपकिरी, ठिसूळ झालेला असतो आणि नखाने खरवडला की भुगा होऊन पडतो. पिन तशीच आत लटकत असते. दोन्ही भाग दोन हातांत धरून विरुद्ध दिशांना वळवा. एका हाताची हालचाल दुसऱ्या हातात पोहोचेपर्यंत जो रिकामा वेळ जातो, तोच खेळ तुम्हाला दांड्यावर जाणवत होता.

पिन वाईसमध्ये दाबून काढायची असते. एका बाजूला पिनपेक्षा लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला पिन आत जाईल एवढा मोठा सॉकेट, आणि हळूहळू दाब. हातोड्याने ठोकू नका, कप्लरचे कान वाकतात. जुना भुगा साफ करा आणि पिनवरून बोट फिरवा. मधे खड्डा जाणवला, तर पिनही नवीच घाला. झिजलेल्या पिनवर नवा बुश थोड्याच दिवसांत पुन्हा सैल होतो. नव्या बुशांना बारीक ग्रीस लावून जोडणी करा. जोडल्यावर सांधा हाताने वळला पाहिजे, पण त्यात मोकळा खेळ अजिबात नको. बसवताना त्या निमुळत्या स्क्रूचं टोक खळगीत बरोबर गेलंय याची खात्री करा. स्क्रू फिरवत फिरवत शाफ्ट किंचित पुढे-मागे केला की तो खळगीत उतरल्याचं बोटांना कळतं. मग थ्रेड लॉक लावून किंवा तारेने बांधून पक्का करा. हा स्क्रू सैल होऊन निसटला तर दांडा नुसता फिरत राहतो आणि गाडी ज्या गिअरमध्ये असेल त्यातच अडकते.

बुश कुठला घालायचा यावर माझं मत स्पष्ट आहे. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला कंपनीच्या धर्तीचा प्लास्टिकचा बुश उत्तम. तो पहिल्या वेळी इतकी वर्षं टिकला, पुन्हाही टिकेल. पितळी बुश किंवा धातूचा गोलाकार सांधा असलेले कप्लर बाजारात आहेत, त्यांत हालचाल नेमकी होते हे खरं, पण गिअरबॉक्सची थरथर आणि आवाज थेट हातात येतो. ती किंमत ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्याने मोजावी. जर्मनीत, इंग्लंडमध्ये, अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींना हे बुश सहज मिळतात. भारतात गाडी असेल आणि माल यायला वेळ लागणार असेल, तर चांगला लेथवाला नायलॉनच्या रॉडमधून बुश काढून देऊ शकतो. त्याच्याकडे जाताना जुन्या बुशाच्या मापावर भिस्त ठेवू नका, पिन आणि कप्लर दोन्ही सोबत न्या. बुश झिजलेला आहे, त्याचं माप काय सांगणार?

दोष पुढे निघाला तर दांड्याचा बूट काढून त्याच्या बैठकीचे बोल्ट सोडवा आणि दांडा बैठकीसकट वर उचला. खाली रॉडच्या टोकात वाटी दिसेल. तडकलेली, एका बाजूला लंबगोल झालेली किंवा नुसतेच तुकडे. नवी वाटी कडक असते, ती बसवण्याआधी गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवा, मऊ पडते आणि दाबून बसते. ग्रीस लावा. दांड्याच्या टोकाचा गोळा एका बाजूने चपटा झाला असेल तर नवी वाटीही डुगडुगेल. तेव्हा दांड्याचा खालचा भाग बदलण्याला पर्याय नाही. रॉडला आधार देणारा बुश आणि दांडा ज्यावर डोलतो ती प्लास्टिकची बैठक, हे दोन्ही भाग इथे उघडलेच आहे तर बदलून टाका. पुन्हा हे सगळं उघडायचे कष्ट वाचतील.

इंजिन आणि गिअरबॉक्सचे रबरी माउंट या कामात हमखास विसरले जातात. रबर बसलं, तेलाने फुगलं किंवा फाटलं, की ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना सगळा डोलारा पुढे-मागे होतो, आणि त्याच्याबरोबर गिअरबॉक्सचा शाफ्टही. रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश चालवा, तळहात दांड्यावर हलकेच ठेवा आणि ॲक्सिलरेटर दाबा-सोडा करा. दांडा दर वेळी हातात सरकत असेल तर माउंट बघा. ॲक्सिलरेटर सोडताच गिअर निसटतो, याचंही एक कारण हेच. माउंट बदलल्यावर गिअरबॉक्सची जागा किंचित बदलते, म्हणून सेटिंग नेहमी माउंटच्या नंतर करायचं, आधी नाही.

सेटिंगला घाबरायचं कारण नाही, पण धीर लागतो. प्रत्येक गिअरबॉक्ससाठी कारखान्याने दांडा आणि शाफ्ट कुठे ठेवायचा ते मॅन्युअलमध्ये दिलं आहे; ती पद्धत ९०१ आणि ९१५ साठी वेगळी, तेव्हा आपलंच पान उघडा. तत्त्व मात्र एकच. क्लॅम्प सैल केला की रॉड आणि कप्लर एकमेकांत फिरतात आणि सरकतात. फिरवलं की गिअरच्या रांगा डावी-उजवीकडे सरकतात. पहिला-दुसरा सहज पडतो पण पाचवा सापडत नाही, किंवा याच्या उलट, तर फिरवण चुकली आहे. सरकवलं की पुढच्या आणि मागच्या गिअरांची खोली बदलते. ९१५ मध्ये पहिला, तिसरा, पाचवा पुढे आणि दुसरा, चौथा मागे. पुढचे गिअर पूर्ण बसतात आणि मागचे अर्धवट, असं दिसलं तर लांबी चुकली आहे. एका वेळी एकच गोष्ट, तीही केसभर बदला, क्लॅम्प आवळा, इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. गिअर पूर्ण बसल्यावरही दांडा त्याच दिशेला अजून किंचित हलला पाहिजे. तो आधीच कशाला तरी जाऊन थडकत असेल तर गिअर आत अर्धाच बसला आहे आणि जोर पडताच निसटणार.

एवढं सगळं करण्याऐवजी पुष्कळ जण आधी शॉर्ट शिफ्टर घालतात. मला हे अजिबात पटत नाही. शॉर्ट शिफ्टर दांड्याचा प्रवास कमी करतो. सांध्यांतला खेळ तेवढाच राहतो आणि छोट्या प्रवासात तो अधिकच खुपतो. शिवाय हाताचा जोर वाढतो आणि तो सगळा सिंक्रोवर जातो. ९१५ चे पहिल्या-दुसऱ्याचे सिंक्रो आधीच नाजूक. आधी बुश, माउंट, सेटिंग. त्यानंतर महिनाभर गाडी चालवा. तोवर बऱ्याच जणांची शॉर्ट शिफ्टरची हौस फिटलेली असते.

तेल कधी बदललं ते माहीत नसेल तर याच वेळी बदला. ९१५ मध्ये सुमारे तीन लिटर बसतं. कारखान्याने सांगितलेल्या जातीचंच घाला. तेल जास्त निसरडं असेल तर सिंक्रोला पकड मिळत नाही आणि गिअर खरखरू लागतो. जुनं तेल पांढऱ्या भांड्यात काढा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाचा बारीक लेप असणं ठीक. नखाएवढा धातूचा तुकडा सापडला तर बाहेरची दुरुस्ती थांबवून आतली चौकशी करा.

गाडी चालवायच्या सवयीही बदलाव्या लागतात. उभ्या गाडीत पहिला किंवा रिव्हर्स टाकण्याआधी क्लच दाबून दांडा क्षणभर दुसऱ्यात नेऊन आणा, त्याने आतला फिरणारा शाफ्ट थांबतो आणि पहिला गुपचूप पडतो. चालत्या गाडीत पहिला टाकू नका. खालचा गिअर घेताना न्यूट्रलमध्ये क्लच सोडून थोडी रेस द्या आणि मग गिअर टाका. दांडा बोटांनी धरा, मुठीने नाही. सिंक्रोला त्याचं काम करू द्या, तो तयार झाला की दांडा आपणच आत ओढून घेतो.

हे सगळं होऊनही गरम गाडीत, शांतपणे टाकलेला दुसराच गिअर दर वेळी खरखरत असेल आणि बाकीचे सुरळीत पडत असतील, तर सिंक्रो झिजला आहे, आणि आता गिअरबॉक्स उतरवणं योग्य आहे. ते काम घरी करायचं नव्हे. या गिअरबॉक्सवर हात बसलेला मिस्त्री शोधा आणि त्याला काय काय बदललं, काय सेट केलं आणि खरखर कोणत्या गिअरला, थंडीत की गरम झाल्यावर, हे कागदावर लिहून द्या.

नुसते बुश बदलून काम भागलं असेल तर आठवड्याभराने झाकण पुन्हा उघडा. क्लॅम्पवर पाना लावून बघा, निमुळता स्क्रू हाताने हलतो का ते पाहा, आणि सेटिंग जमलं त्या जागी रंगाची नवी रेघ ओढून जुनी पुसून टाका.